मेहुण्याच्या शहराचं घड्याळ

आमच्या इमारतीत सर्व्हर मी आणला. हे वाक्य पूर्वी मी छाती पुढे काढून म्हणत असे. हल्ली कोणी विचारलंच तर चपला घालता घालता, खाली मान घालून म्हणतो आणि काहीतरी काम काढून निघतो.

खरं सांगायचं तर मी संगणकातला माणूस नव्हे. विम्याच्या कचेरीत दावे तपासणं हे माझं काम. कोणाची मोटार कुठे आपटली, किती वाजता आपटली, आणि सांगणारा खरं बोलतोय का, हे मी गेली बावीस वर्षं टेबलाशी बसून ठरवतो. पण ऑफिसातल्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की मागचं झाकण उघडून तो मला काढता येतो. एवढ्या एका कौशल्यावर बायकोने जिन्यात माझी संगणकतज्ज्ञ म्हणून ख्याती पसरवली. मी ती खोडून काढली नाही. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याचशा चुका वेळेवर न खोडलेल्या गोष्टींतूनच झालेल्या आहेत.

सर्व्हर म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. बिस्किटाच्या डब्याएवढी काळी पेटी आणि तिच्यावर एक हिरवा दिवा. ती पंपाच्या खोलीत भिंतीला ठोकली आणि तिला फाटक आणि पाण्याचा पंप जोडला. कोण कधी आत आलं, कोण बाहेर गेलं, पंप कधी सुरू झाला आणि कधी थांबला, हे सगळं ती वेळेसकट लिहून ठेवते. या नोंदीला लॉग म्हणतात. हे मी कमिटीच्या बैठकीत इतक्या सहजपणे सांगितलं की अध्यक्षांनीही मान डोलावली. अध्यक्ष म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त तपासनीस. सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेलेली. घरात अजून लोणी आणलं तरी आधी काट्यावर ठेवतात, मग बायकोच्या हातात देतात.

पेटी बसवायला आलेला माणूस तारा जोडून घाईने निघून गेला. "बाकीचं स्क्रीनवर विचारेल तसं भरा," म्हणाला. स्क्रीनने विचारलं ते मी भरलं. इमारतीचं नाव, मजले, सदनिका. मग तिने विचारलं, शहर कोणतं? आणि समोर चारशे शहरांची यादी मांडली. मी ती वरून खाली, खालून वर पाहिली. आमचं शहर काही तीत नव्हतं. आमच्या शहराला जगाच्या याद्यांत यायची सवयच नाही. चारशे अनोळखी नावांत मला एकच नाव ओळखीचं दिसलं. तिथे माझा मेहुणा नोकरीला आहे. म्हटलं, निदान आपला माणूस आहे तिथे. मी ते शहर निवडलं आणि पुढे गेलो. संध्याकाळी बायकोला सांगितलं, तर तिलाही बरं वाटलं. भावाला फोन करून तिने ते कौतुकाने कळवलंसुद्धा.

पेटी शहर कशासाठी विचारते, हे बायकोनेही विचारलं नाही आणि मीही नाही.

पुढचे चार महिने पेटी इमानेइतबारे लिहीत राहिली आणि आम्ही कोणी ते वाचलं नाही. मग पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी तक्रार केली की सकाळी त्यांच्या नळाला पाण्याची नुसती सुतळी येते. वहिनींची तक्रार लहान आवाजात कधीच नसते. त्या जिन्यातून बोलत उतरल्या, तेव्हा तळमजल्यावर पोचेपर्यंत ती सगळ्या इमारतीची तक्रार झालेली होती.

पंप लावायचं काम पंपवाल्या काकांचं. एकोणीस वर्षं तेच लावत आले होते. पहाटे पाचला यायचे, बटण दाबायचे, गच्चीवरची टाकी भरेपर्यंत जिना झाडायचे, पंप बंद करायचे आणि एका वहीत पेन्सिलीने वेळ लिहायचे. माझे वडील शेवटच्या आजारात होते आणि लिफ्ट बंद होती, तेव्हा याच काकांनी त्यांना खुर्चीत बसवून चार वेळा खाली उतरवलं होतं. हे मी विसरलो नव्हतो. पण आठवण ठेवणं आणि वेळेला ती उपयोगात आणणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या महिन्यात कळलं.

अध्यक्ष मला म्हणाले, "तुमचा तो लॉग काढा बघू. पंप किती वाजता लागतो ते पाहू."

मी लॉग काढला. छापलासुद्धा, ऑफिसच्या रंगीत प्रिंटरवर, पाठपोट. पुढच्या बाजूला पंप आणि मागच्या बाजूला फाटक. पंपाच्या ओळी वाचताना मी उडालोच. आठ वाजता चालू. सात अठ्ठावन्नला चालू. आठ वाजून एक मिनिट. पाचचा कुठे पत्ताच नाही. चार महिने रोज पंप आठच्या सुमाराला लागत होता, आणि वहिनी सातला केस धुवायला बसत होत्या.

घरी येऊन मी बायकोला कागद दाखवला. एखादा दावा पकडला की मला जो आनंद होतो, तोच झाला होता.

ती कणीक मळत होती. म्हणाली, "काहीतरीच काय! पंप पाचलाच लागतो. आपल्या खालीच तर खोली आहे. पंप सुरू झाला की फळीवरच्या बरण्या थरथरतात आणि मला जाग येते. एकोणीस वर्षं मी त्याच्यावरच उठते."

"तुला पाच वाटत असेल," मी म्हणालो. "अर्धवट झोपेत माणसाला काहीही वाटतं. हा लॉग आहे."

"आणि मी कोण आहे?"

 मी नुसता कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवून उभा राहिलो. विम्याच्या कचेरीत या पद्धतीने भलेभले गप्प होतात. तीही गप्प झाली, पण कणीक मात्र तिने त्या दिवशी फार जोरात मळली.

रविवारी अध्यक्षांच्या दिवाणखान्यात बैठक भरली. कमिटीत घरटी एकच माणूस बसायचा असा नियम, त्यामुळे बायको घरी. काकांना बोलावलं होतं. ते दाराशीच उभे राहिले. बसा म्हटलं तर "कपड्यांना तेल लागलंय" म्हणाले. मी कागद सगळ्यांपुढे फिरवला. चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी तो एक्स-रे बघावा तसा उजेडासमोर धरला आणि "हं" म्हणाले. एवढ्याने काकांचा खटला अर्धा निकालात निघाला.

"रोज आठला लावता तुम्ही पंप," अध्यक्ष म्हणाले.

"पाचला लावतो हो," काका म्हणाले. "वहीत आहे लिहिलेलं."

"वही काय, कोणीही लिहील. हे मशीनने लिहिलंय. काय हो, मशीन चुकतं का?"

प्रश्न मला होता. सगळे माझ्याकडे बघत होते, काकाही. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मशीनला खोटं बोलून काय मिळणार आहे?"

हे वाक्य तेव्हा मला फार समर्पक वाटलं होतं. डॉक्टर हसलेही. इतर दोघा-तिघांनी माना डोलावल्या. यांतल्या निम्म्या माणसांची झोप त्याच पंपाने रोज पाचला मोडत होती, हे त्यांनी मला नंतर एकेकटं गाठून सांगितलं. तेव्हा का नाही बोललात, म्हटलं, तर म्हणाले, कागद रंगीत होता हो, आम्हाला वाटलं आपलंच काहीतरी चुकत असेल. आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की त्याच कागदाच्या मागच्या बाजूला फाटकाच्या नोंदी होत्या. त्या नोंदींप्रमाणे मी रोज साडेअकराला ऑफिसला निघत होतो आणि अध्यक्ष सकाळी फिरून नऊला परत येत होते. कागद सात हातांतून फिरला. मागची बाजू एकानेही वाचली नाही.

 काकांनी कमरेची किल्ली सोडली, पुढे येऊन ती माझ्याच हातात दिली आणि गेले. अध्यक्षांनी लगेच ठराव लिहून घेतला.

आता पंप कोण लावणार? नवा माणूस मिळेपर्यंत सदस्यांनी पाळीपाळीने लावावा, असं ठरलं. पहिली पाळी माझी, कारण किल्ली माझ्याकडे. मी चारचा आणि पावणेपाचचा असे दोन गजर लावून उठलो आणि कुडकुडत खाली गेलो. पंपाच्या खोलीत खिळ्याला काकांची वही लटकलेली होती. मी तिच्याकडे पाठ केली, मनगटावरच्या घड्याळात बरोबर पाच होताना पाहिले आणि बटण दाबलं. असं मी सात दिवस केलं. सहाव्या दिवशी मला शिंका सुरू झाल्या. पाण्याचा जोर मात्र वहिनींच्या घरी वाढला नाही. शेवटी त्यांनी नळवाल्याला बोलावलं. त्याने नळाच्या तोंडाची जाळी काढली, तिच्यातली वाळू बेसिनवर आपटली, जाळी परत बसवली आणि पाणी धो धो आलं. दोन मिनिटांचं काम. वहिनी ही बातमी सांगायला जिन्यातून उतरल्या, पण या खेपेला अगदी हळू आवाजात.

ती बातमी ऐकताना मी पंपाची किल्ली खिशातल्या खिशात फिरवत राहिलो. पण खरा दणका पुढच्या रविवारी बसला.

अध्यक्षांनी शिस्त म्हणून त्या आठवड्याचा लॉग मागवला होता. मी तो छापून, न बघताच नेला. ते चष्मा पुसून वाचू लागले आणि त्यांचा चेहरा वजनात पाच ग्रॅम कमी भरल्यासारखा झाला.

"सोमवारी आठला. मंगळवारी आठ वाजून दोन मिनिटं. बुधवारी आठला," ते म्हणाले. "तुमची पाळी होती ना?"

"मी पाचला लावला!" मी जवळजवळ ओरडलोच. "रोज पाचला! घड्याळ बघून!"

"तेही असंच म्हणत होते," डॉक्टर म्हणाले.

"पण मी खरंच लावला हो! मला सर्दी झालीये बघा!"

 सगळ्यांच्या नजरा कागदावर. मी एकेकाचा चेहरा पाहत गेलो, कोणीतरी आपल्याकडे बघेल म्हणून. बावीस वर्षं मी ज्या टेबलाच्या अलीकडे बसलो होतो त्याच्या पलीकडे त्या दिवशी पहिल्यांदा बसलो. आणि वाईट याचं वाटतं की त्या क्षणी मला काका आठवले नाहीत. आधी स्वतःची इज्जत आठवली. काका पाच मिनिटांनी आठवले, आणि मग मात्र कान तापले.

"मशीन बिघडलंय," मी म्हणालो.

"मशीनला खोटं बोलून काय मिळणार?" अध्यक्षांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. ते खरोखरच विचारत होते, आणि म्हणूनच जास्त लागलं.

मग दुरुस्ती सुरू झाली. आमच्या इमारतीत दुरुस्ती म्हणजे आधी सल्ले. डॉक्टर म्हणाले, बंद करून चालू करा, निम्मे आजार त्याने जातात. मी बंद करून चालू केलं. पेटीने बंद पडल्याची वेळ तीन तास पुढची लिहिली आणि चालू झाल्याचीही. वहिनी म्हणाल्या, तिच्यावर ओल आली असेल, फडकं बांधा. बांधलं. अध्यक्षांनी वेगळाच मार्ग काढला. म्हणाले, काटा तीन ग्रॅम जास्त दाखवत असेल तर तीन वजा करायचे, काटा फेकायचा नाही. पेटीत 'वेळेत फरक' अशी एक चौकट होती. तिच्यात मी उणे तीन भरले. लॉग एकदम बरोबर दाखवू लागला. अध्यक्ष खूश. पण मला ते पटेना. कारण कळल्याशिवाय दावा मिटवायचा नाही, ही आमच्या कचेरीची शिकवण. चांगली शिकवण आहे. मी ती फक्त दोन आठवडे उशिरा पाळायला घेतली.

सकाळी दहाला मी कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायला बसलो. फॉर्मने विचारलं, चुकीच्या नोंदीची वेळ, लॉगमध्ये आहे तशीच भरा. आता पेटी बंद करून चालू केल्याची ती नोंद, फरक भरण्याआधीची, त्याच सकाळची होती आणि लॉगमध्ये तिच्यापुढे दुपारचे साडेबारा लिहिलेले होते. मी ते भरले. फॉर्म लाल झाला. 'भविष्यकाळातील घटनेची तक्रार स्वीकारली जात नाही.' मी पुन्हा भरले. पुन्हा लाल. मग खुर्ची ओढून घड्याळाकडे बघत अडीच तास बसलो. घटना भूतकाळात जायची वाट बघत. बायको मधूनमधून डोकावून जायची.

"काय करताय?"

"साडेबारा व्हायची वाट बघतोय."

"जेवायला?"

"तक्रार करायला."

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि गेली.

साडेबारा वाजून एक मिनिटाने तक्रार दाखल झाली आणि चक्क तासाभरात कंपनीच्या माणसाचा फोन आला. आवाज तरुण होता आणि फार सभ्य.

"सर, आपण शहर कोणतं निवडलंय?"

मी मेहुण्याच्या शहराचं नाव सांगितलं.

"आपण तिथे राहता का, सर?"

"नाही. माझा मेहुणा राहतो."

पलीकडचं टायपिंग थांबलं. मला वाटलं फोन कट झाला.

"पेटी त्यांच्याकडे आहे का, सर?"

"नाही हो. पेटी इथेच आहे. यादीत आमचं शहर नव्हतं, म्हणून म्हटलं, ओळखीचं..."

"सर," तो इतक्या हळुवारपणे म्हणाला, की त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं. "शहर ओळखीचं लागत नाही. ज्या शहरात आपल्याइतकेच वाजलेले असतात ते लागतं. पेटी त्या शहराचं घड्याळ लावून घेते. त्यांच्याकडे आपल्यापेक्षा तीन तास जास्त असतात."

ते तर मला माहीत होतं! लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मेहुण्याला वाढदिवसाचा फोन करायचा तर आम्ही तीन तास आधी करतो, नाहीतर तो झोपलेला असतो. आमच्या घरात हे गणित बायको बोटांवर करते. एवढं सगळं माहीत असलेला माणूस त्या चौकटीपुढे बसला होता, आणि त्याने काही म्हणजे काही विचार केला नाही.

त्या मुलाने सांगितलं तसं मी यादीतलं दुसरं, आपल्या वेळेचं शहर निवडलं. पण घाईत अध्यक्षांचे उणे तीन पुसायचे राहिले. झालं! दुसऱ्या दिवशी पंप लॉगप्रमाणे दोनला लागला, अध्यक्ष तीनला फिरून परत आले, आणि घड्याळ मागे आल्यामुळे आदल्या दिवसाचे तीन तास दोनदा लिहिले गेले. त्यात वहिनी मध्ये एकदाही घरी न येता दोन वेळा बाहेर गेल्याची नोंद झाली. वहिनींच्या यजमानांनी ती वाचली. पुढचे दोन दिवस पाचव्या मजल्यावर काय चाललं होतं ते मी इथे लिहीत नाही, पण वहिनी अजून माझ्याशी बोलत नाहीत. शेवटी उणे तीन पुसले, आणि पेटी बरोबर चालू लागली.

पण जुन्या नोंदी तशाच होत्या. त्या दुरुस्त करता येत नाहीत, लिहिलेलं पेटी बदलत नाही. मग मी खिळ्यावरची वही काढून घरी आणली. एका बाजूला लॉग, दुसऱ्या बाजूला वही, आणि ओळीवर पट्टी ठेवून मी एकशे तेवीस दिवस जुळवायला बसलो. बायकोने न सांगता दिवा जवळ आणून ठेवला. वहीत पाच, लॉगमध्ये आठ. वहीत चार अठ्ठावन्न, लॉगमध्ये सात अठ्ठावन्न. मिनिटाचा फरक नाही. काकांच्या घड्याळात आणि जगाच्या घड्याळात चार महिन्यांत एका मिनिटाचाही फरक पडलेला नव्हता. मध्येच एका ओळीत पाच वाजून दहा मिनिटं होती आणि पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दहा मिनिटं उशीर, गुडघा.' मी लॉगवर बोट फिरवलं. आठ वाजून दहा.

ही ओळ कोणी वाचणार नव्हतं. कोणी कधी विचारणार नव्हतं. मला तिथेच थांबावं लागलं. चष्म्याला काहीतरी झालं होतं. बायको म्हणाली, "जाऊन माफी मागा." मी म्हणालो, "कमिटीपुढे ठेवतो." त्याच दिवशी उठून गेलो असतो तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. पण इज्जत थोडी शिल्लक होती ना, तिची सोय लावायची होती.

कमिटीपुढे ठेवलं. अध्यक्ष म्हणाले, ठराव एकदा झाला की मागे घेता येत नाही, त्याची दुरुस्ती करता येते. दुरुस्तीला सात दिवसांची सूचना लागते. सूचनेवर कोणाची सही, यावर एक रविवार गेला. दुसऱ्या रविवारी पत्राचा मसुदा झाला. मी 'माफी' लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, माफी म्हटलं की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, दिलगिरी म्हणा. अध्यक्ष म्हणाले, दिलगिरीही वजनाला जरा जड आहे, खेद म्हणा. तिसऱ्या रविवारी खेदही गेला आणि उरलं ते असं : 'सर्व्हरच्या वेळेत तांत्रिक तफावत आढळून आल्याने आपणास पूर्ववत कामावर घेण्यात येत आहे.' खाली अध्यक्षांची सही, शेजारी माझी. मी सही केली. हेही खोडून काढलं नाही.

काका मुलीकडे राहत होते, गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन खोल्यांच्या घरात. दार त्यांनीच उघडलं. पायाशी लहान नात होती, तिच्या एका पायात बूट होता आणि दुसरा काकांच्या हातात. "या," म्हणाले. कोणत्याही दुसऱ्या पाहुण्याला म्हणाले असते तसंच. मला बसायला खुर्ची दिली. मुलीने चहा टाकला.

मी पत्र दिलं. काकांचा चष्मा सापडेना, म्हणून मुलीने मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर ती एकदा माझ्याकडे बघून आत गेली.

"म्हणजे त्या पेटीची चूक निघाली," काका म्हणाले.

"हो. म्हणजे, पेटीची नाही," मी म्हणालो.  "शहर मी चुकीचं घातलं होतं. मेहुण्याचं. तीन तासांचा फरक पडला. तुमची वही मी जुळवून पाहिली, काका. एकशे तेवीस दिवस. एक मिनिट इकडचं तिकडे नाही. तुम्ही पाचलाच लावत होता."

"ते मला माहीत आहे," काका म्हणाले.

नात पाय हलवत होती. त्यांनी खाली वाकून तिला दुसरा बूट घातला आणि नाडी बांधली. गुडघा दुखत असावा, उठताना भिंतीला हात लावला.

"आता कोण लावतं?" त्यांनी विचारलं.

"आम्हीच. पाळीपाळीने."

"उन्हाळ्यात पावणेपाचला लावत जा. खालच्या टाकीतलं पाणी लवकर ओढलं जातं. आणि पंप बंद केल्यावर झडप नीट फिरवा, नाहीतर अडकते."

"तुम्हीच या ना, काका," मी म्हणालो. "चुकलो मी. माफ करा. पत्रात ते लिहू दिलं नाही, पण मी तेवढ्यासाठीच आलोय. राग सोडा."

"राग नाही हो," ते म्हणाले, आणि खरंच त्यांच्या आवाजात राग नव्हता. "त्या पेटीवर काय राग धरायचा? ती चार महिन्यांपूर्वी आलेली. ती मला ओळखत नव्हती."

मग ते नातीला घेऊन शाळेत पोचवायला निघाले, कारण तिची वेळ झाली होती. मी नातीचं दप्तर घेऊन कोपऱ्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो.